चुन्याचा दुसरा हात

ती लोखंडाची नाव आमच्याच लाकडी नावेतून आली, तुकड्यातुकड्यानं. हे आधी सांगते, कारण पुढं वाडीत जे बोललं गेलं त्यात ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात राहिली नाही.

माझे वडील कुशाबा, आमचे आबा, मुळशीच्या धरणावर तर, म्हणजे माणसं पलीकडं नेणारी नाव, चालवायचे. आमच्या वाडीला तिन्ही बाजूंनी धरणाचं पाणी आणि पाठीला डोंगर, रस्ता नव्हताच. बाजार, दवाखाना, लग्नाचं वऱ्हाड, सगळं आबांच्या नावेतून जायचं-यायचं. वाडी त्याबद्दल सुगीला घरटी भात द्यायची. आबांचा एक नेम होता. नाव काठाला टेकली की उतारूचं ओझं आधी स्वतः उचलून कोरड्यावर ठेवायचे, मग माणसाला हात द्यायचे. पाटलाची पेटी असो नाहीतर कातकऱ्याची मोळी. "वझं भिजलं तर मानूस पोचला असं म्हनायचं न्हाई," असं म्हणायचे.

एकोणसाठ साली दिवाळी झाल्यावर पलीकडच्या काठाला एक ट्रक येऊन उभा राहिला. त्यात पोलादी पत्रे होते, वाकवलेल्या पट्ट्या होत्या, पत्रे जोडायच्या रिबिटांची खोकी, एक भाता, ऐरण. आबांनी ते सगळं नऊ दिवस अलीकडं वाहिलं. एकेक पत्रा आडवा टाकला की नावेच्या दोन्ही अंगांना हात-हात बाहेर यायचा आणि पाणी तिच्या कडेच्या चार बोटं खाली राहायचं. मी काठावर उभी राहून बघायची. आबांचा उजवा खांदा आधीच धरत होता. त्या पत्र्यांनी तो पार गेला. रात्री मी एरंडाचं पान गरम करून बांधायची आणि ते म्हणायचे, "गंगू, पुढल्या सुगीपातुर वल्हं चाललं तर लई झालं."

आबांना मी एकटीच. आई लहानपणीच गेली. माझं लग्न झालं होतं, पण नवरा मुंबईला गिरणीत, खोली मिळेपर्यंत मी माहेरी. म्हणजे आबांचा हात थांबला की घर थांबणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

नाव करवून घेत होते हैबतराव, कोळशाचे ठेकेदार. डोंगराच्या घळींमध्ये त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. तिथं पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं उभी, त्यांच्या मधून रुंद नाव जात नसे. म्हणून ही लांबलचक आणि अरुंद, चाळीस फूट लांब आणि जेमतेम सहा फूट रुंद. वर इंजिन बसणार होतं, आणि कोळशाबरोबर वाडीची माणसंही तीच नेणार होती. आमच्या काठाला उतार सपाट, म्हणून सांगाडा इथं उभा करायचा.

हैबतरावांनी पहिल्याच दिवशी आबांना बाजूला घेतलं. मी भांडी घासत होते, मला ऐकू आलं.

"कुशाबा, हे पाणी तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. इंजिन बसलं की वल्हं मारायला नको, नुसतं सुकाणू धरून बसायचं. ते तुझ्या हातात. पण नाव सुखरूप पाण्यात उतरली पाहिजे. काही कमीजास्त झालं, तर कुणी केलं ते मी विचारत बसणार नाही. समजून जाईन."

"म्या कशाला काय करीन, मालक?"

"तुझी तर बंद पडणार ना. माणसाच्या मनाचं काय सांगावं?"

 घरी आल्यावर आबा खांदा चोळत म्हणाले, "नुसतं धरून बसायचं, गंगू. बसून!" एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

वाडीला मात्र त्या नावेचा पहिल्या दिवसापासून संशय. आमच्या शेजारच्या साळूबाई तर रोज एकदा सांगाड्याभोवती फिरून यायच्या, जशी काही चोरीची गुरं बघायला निघाल्यात.

"ही नाव हाय? ही तर गव्हाण हाय," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून वाडी तिला गव्हाणच म्हणू लागली. "आन् लोखंड तरतं व्हय कुटं?"

मुंबईला जाऊन आलेला कोंडाजी म्हणाला, "साळूवयनी, म्या डोळ्यांनी बगितल्यात, लोखंडाच्या आगबोटी."

"कुटं बगितल्यास?"

"समुद्रात."

"ते खारं पानी. खाऱ्या पान्यात मेलेलं ढोरबी तरतं. हे गोडं पानी हाय, बाबा."

 वाडीनं मग ठरवूनच टाकलं, की ही नाव तरण्यासाठी नाहीच. ती दुसऱ्याच कशासाठी तरी आहे.

त्यांच्या संशयालाही कारण होतं. धरण व्हायच्या आधी मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसं आली होती, असं म्हातारी माणसं सांगत. त्यांनी खडकांवर, आंब्याच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे ओढले आणि निघून गेली. विचारलं तर हसायची. पुढं पाणी चढत चढत त्या पट्ट्यांपाशी येऊन थांबलं, आणि पट्ट्याच्या खालचं सगळं गेलं. तेव्हापासून आमच्याकडं बाहेरचा माणूस काय बोलतो याला कुणी किंमत देत नसे. तो काय बोलत नाही, तिकडं लक्ष असायचं.

आणि नाव बांधणारा भिवाजी मिस्त्री काहीच बोलत नसे.

हा मूळचा कोकणातला, मुंबईच्या गोदीत वीस वर्षं काढलेला. काळा, किडकिडीत, एका कानानं कमी ऐकायचा. त्याला वाडीचा संशय. रिबिटांची खोकी तो स्वतःच्या बाजल्याखाली ठेवायचा. भट्टीपाशी कुणी विडी पेटवायला आलं तरी डोळे बारीक करून त्याच्या हातांकडं बघायचा. त्याचे दोन गडी होते. एकानं चिमट्यानं लालभडक रिबीट भोकात घालून आतून दाबून धरायचं, दुसऱ्यानं बाहेरून हातोडा घालायचा. तो आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत यायचा, म्हणजे एक घाव दोनदा ऐकू यायचा. अजून कधी दुपारी शांत पडले की तो दुसरा घाव मला ऐकू येतो.

शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा सांगाड्याला पत्रे बसून झाले होते. मग एके दिवशी आबांच्या नावेतून चुन्याचं पोतं आलं.

वाडी हादरली. संध्याकाळी दहा-बारा जण मिस्त्रीकडं गेले, पुढं साळूबाई.

"चुना कशाला?"

"कामाला," मिस्त्री म्हणाला.

"लोखंडाला कुनी चुना लावतं व्हय?"

"तुमच्या घरांना तर नाय ना लावत? मग झालं."

'घरांना' हा शब्द त्यानं उच्चारायला नको होता. दुसऱ्या दिवशीपासून माणसं पहाटे उठून काठावरचे खडक बघत फिरू लागली, कुठं पट्टा ओढलाय का. कोंडाजीनं एका खडकावरचा पांढरा ओघळ दगडानं घासून घासून काढला. बगळ्याची शीट होती. पण तो म्हणाला, "आसू दे. आपलं सावध ऱ्हावं."

त्या चुन्यासाठी मिस्त्रीनं मला बोलावलं. भिंती रंगवण्यात माझा हात चांगला होता. घोटावड्याच्या शाळेच्या भिंती मी रंगवल्या होत्या आणि मुठ्याच्या देवळाच्याही. माझा चुना वर्षभर उडत नसे.

"गो बाय, सगळ्या सांध्यांवरून बाहेरून चुना मार," मिस्त्री म्हणाला. "पातळ. एकच हात. डिंक नको घालू."

"डिंकाबिगर चुना धरत न्हाई, मिस्त्री. हात लागला की निघतो."

"तुला सांगितलं तेवढं कर."

"कशासाटी पर?"

त्यानं माझ्याकडं तशाच बारीक डोळ्यांनी पाहिलं. "बापानं विचारायला सांगितलं काय?"

मी चुना भिजवला, फडक्यातून गाळला, शिंदीच्या काडीचा कुंचा ठेचून घेतला आणि दिवस मावळेपर्यंत सगळे सांधे पांढरे केले. पातळ, एकच हात. मनाला पटत नव्हतं. शिकाऊ पोरीनं केल्यासारखं दिसत होतं. मी कुंचा धुवायला गेले तेव्हा मिस्त्री आणि त्याचे गडी रॉकेलचे डबे घेऊन नावेच्या आत उतरले. मला वाटलं, कंदील भरत असतील.

"उद्या सकाळी हिकडं येऊ नको," मिस्त्रीनं वरून सांगितलं.

पण मी गेले. ज्यांनी कधी भिंत रंगवली आहे त्यांना हे कळेल. चुना ओला असताना काहीच दिसत नाही, वाळल्यावर खरा दिसतो. मिस्त्री आणि दोन्ही गडी पहाटेच आबांच्या नावेतून पलीकडं गेले होते. मिस्त्री हैबतरावांना आणायला, गडी बाजाराला. काठावर मी एकटी.

माझ्या चुन्यावर चार डाग पडले होते.

एक नाळेपाशी, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी, वीतभर खाली. दोन मधल्या सांध्यावर जवळजवळ, जसे गाईच्या तोंडावर दोन नाकपुड्या. चौथा मागं, सुकाणूच्या बाजूला, खालच्या कडेला. पिवळट, ओलसर, तळहाताएवढे. नाक लावलं तर रॉकेलचा वास. म्हणजे या गड्यांनी रॉकेल सांडलं आणि तसेच निघून गेले! नाहीतर साळूबाईंनी मुद्दाम येऊन शिंपडलं असेल, असंही मनात आलं. थोड्या वेळात हैबतराव येणार आणि बघणार. म्हणणार, हा चुना कुणी लावला? कुशाबाच्या पोरीनं. तिला साधा चुना लावता येत नाही, आणि बापाच्या हाती सुकाणू द्यायचं?

मी धावत घरी गेले. चुलीतली राख आणली आणि डाग घासून घासून कोरडे केले, तेलकट भिंतीला करतात तसे. मग उरलेल्या चुन्यात डिंक घातला, चिमूटभर नीळ घातली, आणि सबंध नावेला वरून दुसरा हात दिला. ऊन चढायच्या आत ती अशी दिसायला लागली की दिवाळीतलं घर. लांब उभी राहून पाहिलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

दुपारी हैबतराव आले. नावेभोवती एक फेरी मारली.

"वा! एक डाग नाही, मिस्त्री!"

मिस्त्री जवळ गेला. मधल्या सांध्यावर त्यानं अंगठा घासला आणि अंगठा उलटा करून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग धोतराला पुसला. पुसायला काही नव्हतं, अंगठा स्वच्छ होता.

"परवा उतरवू," हैबतराव म्हणाले. "शुक्रवार चांगला आहे. तीस पोती कोळसा भरायचा आणि वाडीतल्या माणसांना बसवायचं. सगळ्या शंका एकदम फिटतील."

त्यांचं जेवण आमच्याकडं होतं. मी भाकरी वाढत होते तेव्हा हैबतरावांनी विचारलं, "हे चुन्याचं काय गौडबंगाल आहे हो? मला तरी सांगा."

मिस्त्री ताटाकडं बघत म्हणाला, "गोदीतली युक्ती आहे, मालक. आतून सांध्यांना रॉकेल चोळायचं, बाहेरून पातळ चुना. कुठं फट असली तर रॉकेल झिरपतं आणि चुन्यावर डाग पडतो. सुईच्या टोकाएवढी फट असली तरी सोडत नाही."

"आणि आपल्याला एकही डाग नाही!"

"नाही," मिस्त्री म्हणाला.

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. आबांनी वर पाहिलं. "वाड की गं," म्हणाले. मी वाढली. कुणाच्या ताटात वाढली ते आठवत नाही.

ते दोघं गेल्यावर मी आबांना ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. राख, डिंक, दुसरा हात, सगळं.  शेवटी ते एवढंच म्हणाले, "कुटं कुटं?"

मी त्यांच्या हातावर बोटानं दाखवलं. मनगट म्हणजे नाळ, कोपर म्हणजे मागची बाजू. एक इथं, दोन इथं, एक इथं.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "गंगू, खरं सांग. ही माजी तर वाचावी म्हनून केलंस व्हय?"

मला आयुष्यात कुणी इतकं टोचून बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याच घटकेला माझ्याही मनात आलं, की आबांना हे ऐकून कुठंतरी बरं वाटलं का? गव्हाण बुडाली की आमची तर राहील. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं असे बघत बसलो होतो, आणि दोघांनाही आपली लाज वाटत होती.

"आबा, मला म्हाईतच नव्हतं डाग कशाचे त्ये."

"व्हय," ते म्हणाले. "व्हय. मला कळलं. जा, मिस्त्रीला सांग. त्यो कारागीर मानूस हाय. त्याला पटंल."

मिस्त्री भट्टीपाशी एकटाच बसला होता. मी सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणखी कोणाला बोललीस?"

"आबास्नी."

"बापानंच पाठवलं ना? नाव लांबणीवर टाकायला?"

"न्हाई, मिस्त्री. देवाशप्पत. चार डाग व्हते. मी झाकले. पुन्ना रॉकेल लावून बगा."

तो उठला आणि माझ्याकडं पाठ करून निखारे विझवायला लागला. "हे बघ, बाय. मालकांनी दिवस ठरवलाय. नाव पाण्यात गेली की सांधे फुगतात. फटी आपोआप बुजतात. तू घाबरू नको."

मी तरीवाल्याची पोर. नाव पाण्यात गेली की फुगते, हे मला माहीत होतं. दरवर्षी आबांची नाव उन्हाळ्यात सुकली की पहिले दोन दिवस गळायची, मग लाकूड फुगून फटी बुजायच्या. पण लाकूड फुगतं. लोखंड फुगतं हे मी तेव्हाही ऐकलं नव्हतं आणि पुढंही कधी ऐकलं नाही. वीस वर्षं गोदीत काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल?

शुक्रवारी सगळी वाडी काठावर. नावेखाली गोल ओंडके घातलेले, दोर बांधलेले, तीस पोती आत रचलेली. नाळेला हार. आणि पहिल्यांदा चढायला कोण पुढं, तर साळूबाई, कडेला शेळी धरून.

"साळूवयनी, गोडं पानी हाय बरं का," कोंडाजी म्हणाला.

"बुडायचीच आसंल तर बगू तरी दे आतनं कशी दिसती," त्या म्हणाल्या, आणि माणसं हसली.

हसणाऱ्यांत पोरं होती, दोन गरोदर बाया होत्या. मी आबांकडं पाहिलं. आबांनी मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री दोराची गाठ तपासत होता, जी तो चौथ्यांदा तपासत होता.

हैबतरावांनी नारळ उचलला तेव्हा मी पुढं गेले. घरून कढत पाण्याचा तांब्या आणि काथ्या आणला होता. मधल्या सांध्यावर पाणी ओतलं आणि काथ्यानं घासायला लागले.

"अगं ए! काय करतेस?"

"हितं फट हाय, मालक. हितं दोन, नाळंपाशी एक, मागं एक. डाग पडलं व्हतं. म्या दुसरा हात देऊन झाकलं. मला म्हाईत नव्हतं."

 हैबतरावांनी नारळ खाली ठेवला.

"म्हणजे फट कुठं कुठं आहे ते तुला नेमकं माहीत," ते सावकाश म्हणाले. "मोजून चार. छिन्नी कुणी मारली? तू धरलीस आणि बापानं घातली?"

"न्हाई, मालक..."

"मिस्त्री, तुम्ही चुन्याचे किती हात सांगितले होते?"

"एक."

"परवा बघितलं तेव्हा तुम्हाला काही वेगळं दिसलं?"

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "नाही."

"झालं तर. ही नाव आज उतरणार. ओढा!"

तेव्हा आबा पुढं झाले. त्यांनी साळूबाईंच्या हातातली शेळी घेऊन खाली ठेवली. "मालक, म्हनाल तशी उतरवू. पर मानसं नको. मी एकटा बसतो."

हैबतरावांनी क्षणभर विचार केला आणि हात हलवला. आबा आत चढले. रिकामा रॉकेलचा डबा घेतला आणि मधल्या सांध्यापाशी जाऊन बसले. माणसांनी दोर ओढले, ओंडके फिरले, आणि ती लांब पांढरी नाव करकरत पाण्यात गेली. गेली आणि तरली. वाडीच्या तोंडून 'आऽ' असा आवाज आला. लोखंड गोड्या पाण्यात तरलं. हैबतरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

नाव पन्नास-साठ हात आत गेली असेल. मग आबा वाकलेले दिसले. डब्यानं पाणी बाहेर टाकायला लागले. एक डबा, दुसरा डबा. मग त्यांनी डोक्याचा पटका सोडला, दोन तुकडे केले आणि खाली कुठंतरी कोंबले. पुन्हा डबा. तो दुखरा खांदा वर होत नव्हता, म्हणून डावा हात. चुन्याची पांढरी कड हळूहळू खाली जाताना काठावरून सगळ्यांना दिसत होती. बाया रडायला लागल्या. कोंडाजी आणि दोघे-तिघे आमच्या लाकडी नावेतून गेले, दोर बांधला, आणि सगळ्या वाडीनं मिळून ती काठाला ओढली. आत गुडघाभर पाणी होतं. खालची पोती भिजून काळा चिखल झालेला.

आबांनी हैबतरावांना चारही जागा दाखवल्या. जिथं पटका कोंबला होता त्या, आणि बाकीच्या. मी सांगितल्या होत्या तिथंच.

मला वाटलं, आता पटेल. माणूस एकटा आत बसला, त्यानं नाव वाचवली, तीस पोती आणि कितीतरी जीव. पण हैबतराव चारही जागा बघून आले आणि म्हणाले, "बाप आणि लेक दोघांनाही पाठ आहेत. मी म्हणालो होतो, विचारत बसणार नाही." आणि चपला झटकत निघाले.

मिस्त्रीनं आठ दिवसांत सांधे पुन्हा ठोकून घेतले. या वेळी चुना स्वतःच्या हातानं लावला. डाग पडला नाही. नाव उतरली, तरली, काठाला बांधली. सुकाणूला पुढं हैबतरावांचा स्वतःचा माणूस आला, कुठल्या तरी बंदरावरचा. ती नाव पुढं पंधरा वर्षं चालली. चांगली नाव होती, हे मी खोटं बोलणार नाही.

वाडीचं मात्र वेगळंच झालं. वाडीनंही ठरवून टाकलं, की भोकं कुशाबानंच पाडली. फक्त त्यांना त्याचा राग नव्हता. उलट त्या सुगीला प्रत्येक घरानं तरीच्या भातात एक-एक पायली जास्त घातली. आबा एकेकाला बसवून सांगायचे, अरे बाबा, चुन्याचा दुसरा हात दिला पोरीनं, म्हणून झालं. लोक मान डोलवायचे. साळूबाई जाईपर्यंत मला डोळा मारायच्या. "चुना व्हय गं? बराच लावलासा बापलेकींनी त्या ठेकेदाराला!" आणि गव्हाणीत पाय ठेवायला पहिली दोन वर्षं वाडीतलं कुणी तयार नव्हतं, त्यामुळं आबांना वल्हं सोडता आलं नाही. ज्याच्या जोरावर बसून खायचं होतं, ते सुकाणू गेलं, आणि दुखरा खांदा घेऊन त्यांनी आणखी सहा वर्षं वल्हं मारलं. डाव्या हातानं जास्त.

मिस्त्री ज्या दिवशी गेला तो दिवस सांगते आणि थांबते. इंजिन अजून यायचं होतं, त्यामुळं पलीकडं जायला आमचीच नाव. त्याचे गडी आदल्या दिवशी गेले होते. नावेत तो, त्याची हत्यारांची लोखंडी पेटी, आबा आणि मी. मला पलीकडून मीठ आणायचं होतं. अर्धं पाणी कापून झालं. मग मिस्त्री पाण्यात बघत म्हणाला, "बाय, डिंक जास्त झाला होता तुझा. अंगठ्याला काहीच लागलं नाही."

मी आबांकडं पाहिलं. त्यांनी वल्ही उचलून धरली. थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"म्हंजे त्याच दिशी कळलं व्हतं तुला," आबा म्हणाले.

"मालक समोर होते. संक्रांतीला संपायचं काम शिमग्यापर्यंत गेलं होतं. परत चार ठिकाणी ठोकायचं म्हटलं असतं तर मला हाकललाच असता." तो थांबला. "घरी तीन मुली आहेत माझ्या."

"तीस पोती आन् वाडीची पोरं बसनार व्हती."

 आबांनी वल्ही पाण्यात टाकली. पलीकडं पोचेपर्यंत तशीच संथ, बेतानं मारली, एकदाही जोर कमीजास्त केला नाही. नाव काठाला टेकली. मिस्त्री सवयीनं बसून राहिला. इतक्या महिन्यांत त्यालाही माहीत झालं होतं, की आधी ओझं जातं आणि मग माणूस.

आबा वल्ही आत घेऊन बसले होते. पाण्याकडं बघत म्हणाले, "पेटी तुजी तू उचल."

तीस वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्रीनं पेटी उचलली. जड होती, उतरताना त्याचा पाय घसरला आणि पेटीचा खालचा भाग पाण्यात बुडाला. तो ती तशीच गळती घेऊन चढ चढून गेला. आबांनी मागं वळून पाहिलं नाही. मला म्हणाले, "जा, मीठ घिऊन ये. मी थांबतो."